तांबडीचा पंख

मालननं पंखावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, “अहो, हे कापड मी शिवलं त्याला किती वर्षं झाली?”

“नऊ,” मी म्हणालो.

“मग हे इतकं नवं कसं दिसतंय?”

“गेल्या साली रंगवलं ना मी.”

“रंगाचं नाही विचारत.”

ती स्टुलावर उभी होती. गळ्यात टेप, खांद्याला शिवणाची पिशवी. मी खाली स्टूल धरून उभा होतो. १९८८ सालचा फेब्रुवारी होता, दुपारचे तीन वाजले होते आणि खानदेशातलं ऊन त्या महिन्यातच चटके द्यायला लागलं होतं.

मी आमच्या फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होतो. सही करायचं लायसन्स होतं माझ्याकडं. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा मिळवलेलं. क्लबात तेव्हा उडण्याजोगं एकच विमान उरलं होतं. दोन माणसांचं, पंख डोक्यावर असलेलं, लाल रंगाचं. सगळे त्याला तांबडी म्हणायचे. त्याच्या पंखाला पत्रा नव्हता. लाकडी सांगाड्यावर सुती कापड ताणून बसवायचं आणि त्यावर डोप नावाचा लाखेसारखा लेप हातावर हात द्यायचा. लेप वाळला की कापड ढोलकीसारखं ताठ होतं. अशी विमानं कापडाच्या जिवावर उडतात. कापड फाटलं तर खाली सांगाडा उरतो, आणि सांगाडा उडत नाही.

ते कापड मालननं शिवलं होतं. तिच्या वडिलांचं आठवडी बाजारात शिंप्याचं दुकान होतं, ती सातव्या वर्षापासून मशीनवर बसलेली. १९७९ साली क्लबाला पंखाची खोळ शिवणारं माणूस मिळेना, तेव्हा मीच तिचं नाव सुचवलं होतं.

त्या दिवशी ती मात्र पिशवी शिवायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सूतगिरणीच्या आवारात पुतळ्याचं अनावरण होतं आणि वरून तांबडीनं पुष्पवृष्टी करायची होती. पाकळ्यांसाठी लांब पिशवी हवी होती, खालून नाडी ओढली की उघडणारी. विमान चालवणार होते आमचे इन्स्ट्रक्टर लोबो सर. नाडी ओढायला शेजारी बसणार होतो मी. शेवंती आणि झेंडूच्या पाकळ्यांच्या टोपल्या ओल्या गोणपाटाखाली हँगरात येऊन पडल्या होत्या.

“मालन, दाराचं माप घे. पंखाशी काय काम?”

तिनं पंखावर टिचकी मारली. टण्ण वाजलं.

“ऐकलंस?” मी म्हणालो. “कसं खणखणीत आहे बघ.”

“ते तुमचं डोप वाजतंय,” ती म्हणाली. “हे दोन वर्षं बाहेर उन्हात होतं ना? हँगरचं छप्पर उडालं तेव्हापासून?”

“निम्मं आत होतं, निम्मं बाहेर.”

“कुठलं निम्मं?”

मी बोट दाखवलं. उजवा पंख. तिचा हात त्यावरच होता.

“मला आतून दाखवा.”

पंखाच्या खालच्या अंगाला तपासणीची झाकणं असतात, तव्याएवढी गोल. मी कौतुकानं एक झाकण काढलं. बायको नवऱ्याच्या कामाची चौकशी करते आहे, एवढंच मला वाटलं. तिनं स्टुलावरून उतरून भोकात हात घातला आणि आतून वरच्या कापडाला नख लावलं. हात बाहेर काढला तेव्हा चिमटीत वीतभर दोरा होता. आतल्या शिवणीच्या कडेला सुटलेला असणार. तिनं तो कानाशी नेला आणि ताणला.

दोरा तुटला.

“ऐकलंत?”

“काय?”

“काहीच नाही ना? चांगला दोरा तुटताना आवाज करतो, तट् असा. हा गपचूप तुटला.” तिनं दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. “हे कापड मेलंय. डोपनं धरून ठेवलंय म्हणून उभं आहे.”

मला राग आला. खरं सांगतो, भीती नाही वाटली, राग आला. सकाळीच मी तांबडीची तपासणी करून सही केली होती. आमच्याकडं त्यासाठी स्प्रिंगचं यंत्र होतं. त्याचं टोक कापडावर दाबायचं, कापड किती जोर सहन करतं तो आकडा दिसतो. सगळे आकडे पास होते.

“मी मशीननं तपासलंय,” मी म्हणालो. “दोरे ओढून विमानं तपासत नाहीत.”

“कपडे तर तपासतात.”

“हा कपडा नाही, मालन.”

“मग काय आहे? मीच शिवलाय ना?”

तेवढ्यात जीप थांबल्याचा आवाज आला. आबासाहेब निकुंभ आले, क्लबाचे चिटणीस. पांढरा सफारी, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांच्यामागून लोबो सर चहाचा कप घेऊन सावकाश आले. लोबो सर मूळचे गोव्याचे, बोलायला कमी. चहा संपेपर्यंत तर बोलतच नसत.

“वहिनी, झाली का पिशवी?” आबासाहेब म्हणाले. “गिरणीच्या चेअरमनसाहेबांचा आत्ताच फोन होता. उद्या आठच्या ठोक्याला फुलं पडली पाहिजेत. हँगरचं छप्पर देतो म्हणालेत, मंडळी! नवं कोरं छप्पर.”

“पिशवी होईल,” मालन म्हणाली. “पण आबासाहेब, पंखाचं कापड गेलंय.”

आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं.

“काही नाही हो,” मी म्हणालो. “तिचं आपलं काहीतरी.”

“खैरनार, सही झाली ना सकाळी?”

“झाली.”

“मग?” आबासाहेब हसले. “तुमच्या घरात लायसन्स नक्की कुणाच्या नावावर आहे, एवढंच सांगा. म्हणजे पुढच्या वेळी सही त्यांचीच घेऊ!”

लोबो सर कपाआडून हसले. टोपल्या घेऊन आलेला माळी हसला. आणि मीही हसलो.

मालननं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग तिनं पिशवीतून कातर काढली. घरची ती मोठी, काळ्या मुठीची, वडिलांनी लग्नात दिलेली. त्या कात्रीनं ती आम्हाला कागदसुद्धा कापू देत नसे. ती स्टुलावर चढली. मला वाटलं माप घेते आहे.

कातर पंखात घुसली तेव्हा आवाज झाला तो कापडाचा नव्हता, वाळलेल्या डोपचा होता. पापड मोडल्यासारखा. तिनं शांतपणे हातभर लांब कापलं, कातर वळवली, दोन बोटं रुंदी सोडली आणि तशीच परत आली. मग दोन्ही टोकं छाटून पट्टी ओढून काढली. लाल पट्टी. पंखाला लांबट भोक पडलं आणि त्यातून आतली लाकडं दिसायला लागली.



“आता उडवा,” मालन म्हणाली.

“अहो बाई!” आबासाहेबांचा आवाज फाटला. “खाली उतरा! खैरनार, हिला खाली घ्या! क्लबाचं विमान आहे हे! पोलिसांना बोलावीन मी!”

“बोलवा,” ती म्हणाली. खाली उतरली आणि त्याच स्टुलावर बसली. “मी इथंच बसते.”

“कशासाठी केलंत हे? सांगा तरी!”

“उद्या त्यात माझा नवरा बसणार आहे.”

“एवढंच ना? मग दुसऱ्या कुणाला बसवतो.”

“दुसऱ्यालाही बायको असेल,” मालन म्हणाली.

लोबो सरांनी कप खाली ठेवला. चहा अजून होता त्यात.

मालननं पट्टी माझ्यापुढं धरली. “नवीन कापड होतं तेव्हा तुम्ही मला एक गंमत दाखवली होती. त्या तुळईला पट्टी टांगून. किती पेललं होतं?”

“छत्तीस किलो.”

“आणि किती पेललं नाही तर सगळं कापड काढायचं असतं, म्हणाला होतात?”

“पंचवीस.”

“टांगा मग.”

ती जुनी चाचणी होती. यंत्र येण्याआधी आम्ही तीच करायचो. इंचभर रुंदीची पट्टी घ्यायची, दोन्ही टोकं लाकडी चापांत आवळायची, वर तुळईला अडकवायची आणि खाली वजन वाढवत न्यायचं. चाप अजून भिंतीला लटकत होते, धूळ खात. मी ते काढले. टेप घेऊन पट्टी एक इंचाला नीट केली. काम मला येत होतं. खाली मोठा रिकामा कॅन अडकवला. लिटरचा मग घेतला आणि पाणी ओतायला लागलो.

“एक,” मी मोठ्यानं म्हणालो. “दोन.”

आबासाहेब येरझाऱ्या घालत होते. “हा काय पोरखेळ लावलाय! अहो, यंत्रावर पास झालंय ते!”

“पाच. सहा.”

पट्टी हलत नव्हती. मी मनात म्हणत होतो, धर. मला त्या वेळी मालन खोटी ठरायला हवी होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझी सही खरी ठरावी म्हणून मी माझ्याच बायकोविरुद्ध त्या चिंधीची बाजू घेत होतो.

“नऊ. दहा.”

अकरावा मग मी निम्मा ओतला असेल. पट्टी तुटली. कॅन खाली आदळला आणि पाणी सगळ्यांच्या पायांवर आलं. पट्टी तुटताना आवाज झाला नाही.

“कॅनचं वजन धरून बारा-तेरा,” लोबो सर म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले. “आणि हे डोपसकट. नुसतं कापड असतं तर आठावर गेलं असतं.” मग माझ्याकडं वळले. “खैरनार, तू यंत्र कुठं कुठं लावलंस रे?”

“सहा ठिकाणी.”

“वरच्या अंगाला किती?”

पंख डोक्यावर असलेल्या विमानाचं खालचं अंग हाताशी असतं. वरच्या अंगाला स्टूल लागतं. आणि यंत्र जिथं टोचतं तिथं भोक पडतं, त्यावर ठिगळ लावून पुन्हा रंग द्यावा लागतो. तो लाल रंग मी तीन आठवडे खपून दिला होता.

“वर एक,” मी म्हणालो.

“कुठं?”

“पुढच्या कडेला.”

“कडेला कापड दुहेरी असतं,” लोबो सर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आबासाहेब मात्र मागं हटायला तयार नव्हते. “ठीक आहे. एका ठिकाणी कापड कच्चं निघालं. तिथं तुम्ही ठिगळ लावा. संध्याकाळपर्यंत डोप वाळेल. सही झालेली आहे, ती काही खोटी नाही. दहा मिनिटांचं उड्डाण आहे, लोबो! पुतळ्यावरून एक फेरी!”

“दहा मिनिटं पुष्कळ होतात,” लोबो सर म्हणाले.

“खैरनार, मी तुम्हाला सांगतोय. ठिगळ लावा. नाहीतर पोलिसांत मी नाव देणार ते तुमच्या बायकोचं. साक्षीदार इथं उभे आहेत.”

मी मालनकडं बघितलं. ती स्टुलावर बसून कात्रीला चिकटलेला लाल चुरा पदरानं पुसत होती. तिनं मान वर केली नाही. तिला जे करायचं होतं ते तिनं केलं होतं. आता माझी पाळी होती.

मी टेबलाकडं गेलो आणि लॉगबुक उघडलं. सकाळची माझी सही होती तिथं, झोकदार. आमच्याकडं चुकलेली नोंद खोडायची एक पद्धत असते. गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. मग शेजारी खरं काय ते लिहायचं, सही करायची, सहीखाली हुद्दा लिहायचा.

मी रेघ मारली. खाली लिहिलं: ‘उजव्या पंखाचे वरचे कापड तपासणीसाठी कापले. कापड निकामी. विमान उड्डाणास अयोग्य. र. दा. खैरनार, मेकॅनिक.’

आबासाहेबांनी वाचलं. “तुम्ही कापलंत?”

“मी कापलं.”

“माझ्या डोळ्यांदेखत हिनं कापलं!”

“तपासणीसाठी कापड कापायचा अधिकार मला आहे. मी कापलं. बोलवा पोलिसांना.”

“लोबो, तुम्ही बघितलंत ना?”

लोबो सरांनी कप उचलला. “मी बघितलं,” ते म्हणाले. “खैरनारनं कापलं. मस्त सरळ कापलं.”

आबासाहेबांनी माळ्याकडं बघितलं. माळी टोपल्यांवरचे गोणपाट नीट करत होता, अगदी मन लावून.

दुसऱ्या दिवशी पुतळ्यावर पाकळ्या पडल्या त्या सूतगिरणीच्या गच्चीवरून, सुपानं. मला तीन महिने घरी बसवलं. पण विमान कुणी उडवलं नाही. मी परत कामावर गेलो तेव्हा दोन्ही पंखांचं कापड काढलं. उजव्या पंखाच्या वरच्या अंगाला मी बोट टेकवलं आणि बोट आरपार गेलं. नवी खोळ मालननंच शिवली. तांबडी त्यानंतर अकरा वर्षं उडाली.

पुढं काय झालं, ते मला नीट सांगितलं पाहिजे, कारण तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

गोष्ट पसरली. आपल्याच विमानाचा पंख कापणारा खैरनार, म्हणून. दुसऱ्या गावांचे क्लब मला कापड तपासायला बोलवायला लागले. मी जायचो. वरच्या अंगापासून सुरुवात करायचो. दोरा काढून कानाशी धरायचो आणि जमलेल्या मेकॅनिकांना सांगायचो, ऐका, चांगला दोरा आवाज करतो. ते वहीत लिहून घ्यायचे. आधी मला खोटं बोलावं लागलं ते मालनला वाचवायला. मग आबासाहेब गेले, लोबो सर गोव्याला परतले, वाचवण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी तसंच सांगत राहिलो.

एकदा आमच्या घरीच चार जण आले होते बाहेरगावाहून. मी रंगात येऊन सांगत होतो. “मग मी स्टुलावर चढलो, मग मी कातर काढली.” मालन चहा घेऊन आली. तिनं सगळ्यांपुढं कप ठेवले, माझ्यापुढंही ठेवला.

“साखर खाली बसलीय,” ती मला म्हणाली. “ढवळून घ्या.”

बस, तेवढंच. तेहतीस वर्षांत तेवढंच.

मालनला जाऊन आता दोन वर्षं होतील. तेराव्याला माणसं जमली होती. क्लबाचे आताचे अध्यक्ष दोन शब्द बोलले. वहिनी साध्या गृहिणी होत्या, म्हणाले, शिवणकाम करायच्या, खैरनारकाकांसारख्या धाडसी माणसाच्या मागं खंबीरपणे उभ्या राहिल्या. मी हात जोडून बसलो होतो. पत्रावळी वाढायला घेतल्या म्हणून उठावं लागलं, नाहीतर तिथंच बोललो असतो.

तेव्हा नाही बोललो. पण गेल्या महिन्यात क्लबाच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी ते जुनं लॉगबुक काचेच्या कपाटात ठेवलं, तेच पान उघडून, खाली माझा फोटो लावून. मी रिक्षा करून गेलो. ऑफिसात पल्लवी मोरणकर होती, आताची चिटणीस. हुशार मुलगी आहे, स्वतः विमान चालवते.

“कपाट उघड,” मी म्हणालो.

“काका, बघायचंय का? काचेतून दिसतंय की.”

“उघड गं.”

तिनं उघडलं. मी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं.

“काका! काय करताय? रेकॉर्ड आहे ते! जुन्या नोंदीला हात लावता येत नाही!”

“पद्धतीनं लावता येतो. मी तुझ्या जन्माआधीपासून लावतोय.”

‘कापले’ या शब्दावर मी एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘मालन रघुनाथ खैरनार यांनी कापले. माझी तपासणी चुकीची होती.’ सही केली, तारीख घातली. सहीखाली माझा हुद्दा लिहिला. मग तिच्या नावाखाली काय लिहावं म्हणून थोडा थांबलो आणि लिहिलं: ‘कापड तपासनीस.’

पल्लवीनं ते दोनदा वाचलं.

“काका,” ती हळूच म्हणाली, “परवा पाहुणे येणार आहेत. अध्यक्ष बघतील. हे काय केलंत, म्हणून विचारलं तर मी काय सांगू?”

“सांग, पोलिसांना बोलवा,” मी म्हणालो आणि तिथल्याच खुर्चीवर बसलो. “मी इथंच बसतो.”